उडते काय?

डोणगावात माझ्या घरी येणारा प्रत्येक माणूस दारात चपला काढतो, तांब्याभर पाणी पितो, खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहतो आणि विचारतो, "सर, हे उडते काय?"

मी म्हणतो, "नाही."

तो जरा वेळ गप्प बसतो. मला वाईट वाटू नये अशा बेतानं घसा खाकरतो. मग हळूच म्हणतो, "मंग?"

या 'मंग'ला माझ्याकडे उत्तर नाही. गेली दहाबारा वर्षं शोधतोय.

मी गणिताचा मास्तर. मेहकर तालुक्यातलं, जुन्या नागपूर-मुंबई हमरस्त्यावरचं आमचं गाव. दिवसभर पोरांना गुणोत्तर आणि प्रमाण शिकवायचं आणि संध्याकाळी तेच प्रमाण घेऊन प्लास्टिकच्या मागे लागायचं, असा माझा दिनक्रम. मी लढाऊ विमानांची मॉडेलं जोडतो. मिग, जग्वार, सुखोई, राफेल. ही खेळणी नव्हेत, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की पाहुणे आले की माझी मुलगीच आधी सांगून टाकते, "हात नका लावू. ती खेळणी नाहीत, बाबांची आहेत."

माझं लाडकं प्रमाण १/७२. म्हणजे खरं विमान बहात्तर सेंटिमीटर असेल तिथं माझं एक. हे शेजारच्या काकांना समजावताना मी एकदा 'बहात्तरावा हिस्सा' असा शब्द वापरला आणि पस्तावलो. आमच्याकडे हिस्सा म्हटलं की माणसाला आधी सातबारा दिसतो. काका खुर्चीत पुढे सरकले. "मंग बाकीचे एकाहत्तर हिस्से कोनाकडं गेले? भावाभावात लागलं काय?"

या बहात्तरच्या आकड्यामागे काही गूढ असेल असं मलाही आधी वाटायचं. तसं काही नाही. सहा फुटी माणूस एक इंचाचा करायचा, की झालं बहात्तर. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये स्कायबर्ड्स नावाची लाकडी किटं निघाली, त्यांनी हे माप रूढ केलं. १९३६ साली फ्रॉग पेंग्विनची प्लास्टिकची विमानं आली, तीही याच मापाची. पुढे महायुद्धात अमेरिकेचा तर थेट सरकारी हुकूमच निघाला. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे सैनिकांना एका नजरेत कळावं म्हणून १९४२ मध्ये तिथल्या नौदलानं शाळाशाळांतल्या पोरांकडून १/७२ मापाची पाच लाख मॉडेलं मागवली. हे वाचून लोक थक्क होतात. मी झालो नाही. जनगणना, मतदार याद्या, खिचडी आणि सर्वेक्षणं केलेल्या मास्तराला कोणत्याही सरकारनं शाळेकडून काहीही मागितलं तरी नवल वाटत नाही. त्या अमेरिकन मास्तरांना अहवाल किती प्रतींत द्यावा लागला असेल, एवढीच उत्सुकता वाटली.

एकदा बहात्तर डोक्यात शिरलं की माणूस कामातून जातो. मी काहीही पाहिलं की मनात भागाकार सुरू. लोणारचं विवर काठापासून काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर. भागिले ७२, उरले २५ मीटर. म्हणजे अशनीनं कातळात केलेला तो जगप्रसिद्ध खड्डा आमच्या प्रमाणात एक बरंसं शेततळं होतो. अर्ज केला तर अनुदानातही बसेल. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. माझ्या मापाचा समृद्धी भरतो ९.७ किलोमीटर, डोणगावातून निघाला तर मेहकरलाही पोचायचा नाही. आणि माझा वैमानिक? सव्वादोन सेंटिमीटर उंच. हेल्मेटसकट डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं. त्या दाण्यावर मला काळी काच, ऑक्सिजनचा मुखवटा आणि त्याची नळी रंगवायची असते. पूर्वी तांदळाच्या दाण्यावर गणपती काढणाऱ्यांच्या बातम्या यायच्या. त्यांचं बरं होतं. गणपतीला ऑक्सिजनची नळी नसते.

ज्या गावात मी हे सगळं करतो, त्या गावात मापाला अंदाज म्हणतात. इथं मीठ चवीपुरतं, पाऊस वापशापुरता आणि पाच मिनिटं म्हणजे जेवून येतो. शेत दाखवायला निघालेला माणूस "हे काय, इथंच हाय" म्हणतो तेव्हा पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. प्रमाणबद्ध मूर्तिकलेचा आमचा अनुभव म्हणजे पोळ्याचे मातीचे बैल. बैल चार बोटांचा, शिंगं तीन बोटांची, वशिंड असं की बैल त्याच्या सावलीत बसावा. लहानपणी मी एकदा आईला म्हणालो होतो की याचे पाय चुकलेत. ती म्हणाली, "पाय कायले पाह्यतं? नैवेद्य तोंडाले दाखवा लागते."

अशा गावात पार्सल येतं. या छंदाचं शेगाव म्हणजे जपानमधलं शिझुओका. तामिया आणि हासेगावा ही दोन्ही मोठी देवस्थानं तिथलीच. खोक्यावर ढग फाडून निघालेलं विमान, आत मात्र राखाडी प्लास्टिकच्या जाळ्या आणि त्यात अडकलेले शंभर-सव्वाशे तुकडे. पहिल्या वेळी वडिलांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "फुटलेलं आलं काय? परत घेत असतील ना?"

यातले मोठे तुकडे कधीच त्रास देत नाहीत. पंख हरवत नाही. हरवतो तो क्षेपणास्त्राचा पर, तिळाहून थोडा मोठा. चिमट्यात धरला की तो सुटतो, आणि जे विमान जन्मात उडणार नाही त्याचा हा एकच भाग मात्र उडतो. कुठे जातो ते कळत नाही. मी आणि मुलगी मोबाईलचा दिवा लावून फरशीवर पालथे पडतो. एकदा असाच एक पर तीन दिवस बेपत्ता होता. चौथ्या दिवशी आई ओसरीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं चष्मा वर सारला, एक दाणा बोटावर घेतला आणि हाक मारली, "बाबू, हा खडा तुह्या इमानाचा हाय काय पाह्य बरं." होता. राखाडी डाग ओळखून, पाच किलो डाळीतून. जाळीवर त्याचा क्रमांकसुद्धा होता, पण आईला क्रमांकाची गरज लागली नाही.

तेव्हापासून मी गावाच्या अंदाजाला जरा वचकून असतो.

मग लांबीचं, म्हणजे फटी बुजवायच्या पुट्टीचं, प्रकरण झालं. विमानाची दोन अर्धी जोडली की मध्ये फट राहते. आमच्या प्रमाणात केसाएवढी फटसुद्धा मोठा गुन्हा. पाव मिलिमीटरची चीर गुणिले ७२ म्हणजे खऱ्या विमानात वैमानिकाची करंगळी आरपार जाईल. परदेशी पुट्टीची इवलीशी ट्यूब मी मागवली होती, ती अर्ध्या विमानात संपली. स्टँडसमोर गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या पोराकडे गेलो. त्यानं राफेलचं पोट अंगठ्यानं चाचपलं, डोळे मिटून. "सर, इथं खोल हाय. लांबी भरा लागन. एकदम थापू नका, बसते ती. दोन हात द्या, मंधात वाळू द्या, मंग पाणी लावून वॉटर पेपर मारा, हजारचा." इंग्रजी मासिकातल्या सहा पानांच्या लेखात हेच लिहिलं होतं. त्याला मी ट्रॅक्टरचं बोनेट आणि राफेल यांतला फरक सांगायला गेलो. तो म्हणाला, "पत्रा काय अन् पलाष्टिक काय. हाताले फट लागली की फट."

कॉकपिटच्या काचेच्या बाबतीत मात्र मी कोणाला विचारलं नाही, आणि त्याचं फळ मिळालं. काच बसवायला मी झटपट चिकटणारा डिंक वापरला. त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते, हे मला रात्री दीड वाजता कळलं. आत बसवलेले दोन्ही वैमानिक, प्रत्येकाच्या ज्वारीवर आठ-आठ दिवस घालवलेले, मोतीबिंदू झाल्यासारखे माझ्याकडे पाहत होते.

खरी फजिती रंगाची. विमानाला कुंचल्यानं रंग देत नाहीत, कुंचल्याचे फराटे राहतात. त्यासाठी एअरब्रश: पेनाएवढी बंदूक, तिला ०.३ मिलिमीटरचं नोझल, मागे हवेचा कंप्रेसर. श्रावणातली दुपार. गाव सोयाबीनच्या फवारणीत गुंतलेलं. मी ओसरीत बसून जुन्या पत्र्यावर तालीम करत होतो आणि रंगाचे ओघळ उतरत होते. हवा वाढवली, तर रंगाचे कोळ्यासारखे पाय फुटून चहूकडे पळाले. रंग दाट केला, तर नोझल तुंबलं. तेवढ्यात शेजारचे काका पाठीवर पंप घेऊन शेतातून परतले. पंप उतरवला, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर उकिडवे बसून पाहू लागले.

"पानी जास्त झालं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, हे थिनर आहे."

"नाव काही ठेवा. पातळ झालं. अन् तुमी एका जागी उभे राह्यले. असं उभं राह्यलं तर झाड जळते. धुई चालली पाह्यजे, चालली पाह्यजे." त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. "झाडाच्या आंधी चालू करा, झाडाच्या पुढं जाऊन बंद करा. झाडावर चालूबंद करू नका, तिथंच थेंब पडते."

मग त्यांनी नोझलवर मला दहा मिनिटं व्याख्यान दिलं. तणनाशकाला फ्लॅट फॅन, किडीच्या औषधाला हॉलो कोन. जाळी रोज धुवायची. आणि नोझल तुंबलं तर तार खुपसायची नाही, भोक मोठं होतं नि औषध वाया जातं. मी आदल्याच दिवशी माझ्या महागड्या नोझलमध्ये सुई खुपसली होती. ते मी सांगितलं नाही. काकांनी एअरब्रश हातात घेतला, तळव्यावर तोलला, दुधाइतका पातळ रंग करायला सांगितला आणि पत्र्यावर एक फेरी मारली. मऊ, सलग, बिनओघळाची. मला आयुष्यात कधी न जमलेली. तीस वर्षं एकरांवर धुई मारलेल्या माणसाला वीतभर पंख म्हणजे काय? बंदूक परत देताना त्यांनी विचारलंच, "टाकी किती लिटरची?" मी दाखवली. सात मिलिलिटर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "सरांले जेवाले देत जा वेळेवर."

राहिला प्रश्न कोणत्या रंगाचा. आम्हा मंडळींत राखाडीवरून मैत्र्या तुटल्या आहेत. अमेरिकन लष्कराच्या रंगांना पाच आकडी क्रमांक असतात: ३६११८, ३६२७०, ३६३७५. तिन्ही राखाडी, तिन्ही एकाच एफ-१६ वर. भारतीय विमानांचे असे क्रमांक छापून मिळत नाहीत. मग फोटो पाहून भांडायचं. फोटो सकाळचा की दुपारचा, विमान नवं की उन्हानं विटलेलं, सगळे मुद्दे निघतात. मी चार बाटल्यांतले चार राखाडी पट्टे ओढून पाच दिवस त्यांच्याकडे बघत होतो. शेवटी आईसमोर ठेवले. जिनं चाळीस वर्षं मॅचिंग सेंटरमध्ये उभं राहून ब्लाउजपिसं परत केली आहेत, तिला राखाडीची काय मातब्बरी? "हा राखी. हा उंदरी. हा ढगी. अन् हा राखीच हाय, पण धुतलेला." मग राफेलचा फोटो पाहून म्हणाली, "हे नवं लुगडं हाय. धुतलेला कायले लावतं?" आणि मला एकदम समजलं की पाच दिवस मी कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या विमानाला उन्हात वाळवत होतो.

या छंदात एक पंथ आहे, रिव्हेट मोजणाऱ्यांचा. पुण्यात माझा एक छंदबंधू आहे. त्याला मी मॉडेलचा फोटो पाठवला की 'वा' येत नाही, 'डावीकडची तिसरी ओळ' असं येतं. एकदा मी त्याला चिडून म्हटलं, एवढं अचूक हवं तर ओझरला जा. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठीच उभा राहिला. आणि गंमत म्हणजे सुरुवात तिथंही किटापासूनच झाली: सोव्हिएत रशियातून सुटे भाग यायचे आणि आपली माणसं ते जोडायची. पुढे सुखोई-३० चंही तसंच झालं, आधी जोडणी, मग हळूहळू कच्च्या मालापासून सगळं इथंच. म्हणजे तेही किटवालेच, फक्त त्यांचं प्रमाण एकास एक. देशात अशी साडेसहाशेच्या वर मिग-२१ तयार झाली. त्यांचा एकही पर तुरीच्या डाळीत सापडल्याचं ऐकिवात नाही.

माझं मिग-२१ मी २०२१ साली उघडलं. आधी चाकांच्या आकाराबद्दल वाद, मग डेकलं, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, फाटली, मग परीक्षा, मग निवडणूक ड्यूटी. वायुसेनेत हे विमान १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला समारंभपूर्वक निरोप दिला गेला. बासष्ट वर्षांची सेवा. टीव्हीवर तो सोहळा सुरू होता आणि माझ्या टेबलावरच्या मिगला अजून शेपूट नव्हतं. सेवेत रुजू होण्याआधीच निवृत्त झालेलं ते डोणगावातलं एकमेव विमान. बायको म्हणाली, "पेन्शन तरी सुरू करा त्याचं."

राफेल मात्र मी पूर्ण केलं. जिद्दीनं आणि एका विशिष्ट क्रमांकाचं: आरबी-००१. भारताच्या छत्तीस राफेलांपैकी हे पहिलं हाती आलेलं, दोन आसनांचं. फ्रान्समधल्या मेरिन्याकला ८ ऑक्टोबर २०१९ रोजी, नेमक्या दसऱ्याच्या दिवशी, ते आपल्या ताब्यात मिळालं. शेपटीवरचा क्रमांक, केशरी-पांढरा-हिरवा गोल, सगळं पाण्यात भिजवून, सुईच्या टोकानं सरकवून बसवलं. लांबी २१ सेंटिमीटर २ मिलिमीटर. पट्टीनं मोजून, बहात्तरनं गुणून खात्री केली. काकांनी हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून वर धरली. "एक वीत," ते म्हणाले. बरोबर होतं.

आणि भाद्रपद आला. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा, कनिष्ठा, त्यांची बाळं, वर फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या टांगलेल्या आणि पुढे आरास. आरास म्हणजे घरात असेल ते सगळं: मुलीची भातुकली, प्लास्टिकचा हत्ती, बॅटरीवर मान हलवणारा कुत्रा, पोळ्याचे राहिलेले मातीचे बैल. दुपारी मी शाळेतून आलो तर राफेल टेबलावर नव्हतं. ते कुत्रा आणि बैलांच्या मध्ये, पुरणाच्या ताटासमोर उभं होतं. बैलाचं शिंग राफेलच्या शेपटीएवढं. माझ्या मापानं तो बैल चांगला सहा मीटर लांब भरत होता.

मी ओरडणार एवढ्यात आई पुढे झाली. तिनं आधी दोघींना हळदकुंकू वाहिलं, मग बाळांना, मग हत्तीला, बैलांना, आणि त्याच ओघात, मधल्या बोटानं, राफेलच्या नाकाडाला. टम्मकन. राखी रंगावर, नव्या लुगड्यावर, एक सेंटिमीटरचा लालभडक टिळा. खऱ्या विमानावर बहात्तर सेंटिमीटर! माझे पाच दिवस, काकांची धुई, पोराची लांबी, सगळ्यावर कुंकू. घरात सवाष्णी जेवायला आलेल्या, म्हणून मी गप्प बसलो. त्यातल्या एका मावशींनी वाकून पाहिलं आणि विचारलंच, "उडते काय वं हे?"

मी तोंड उघडण्याआधी आई म्हणाली, "मातीचा बैल वखर ओढते काय? तरी त्याले पुरन देतोच ना आपन."

मावशींना पटलं. दहाबारा वर्षांत मला न सापडलेलं उत्तर आईनं पंगतीत आंबील वाढता वाढता देऊन टाकलं.

रात्री निजानीज झाल्यावर मी कापसाचा बोळा आणि थिनर घेऊन टिळा पुसायला बसलो. पुसण्याआधी सवयीनं मूळ फोटो काढले, खालचा रंग नीट दिसावा म्हणून. ८ ऑक्टोबर २०१९, मेरिन्याक, आरबी-००१. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह शस्त्रपूजन करताहेत. विमानावर बोटानं काढलेला ॐ. वर फुलं, नारळ. आणि चाकांखाली लिंबं.

मी बोळा खाली ठेवला. म्हणजे कुंकू असायलाच हवं होतं. एवढे रिव्हेट मोजून मी जे मॉडेल अपुरं सोडलं होतं, ते आईनं एका बोटात पुरं केलं होतं. पुण्याच्या माणसाला फोटो पाठवला. पहिल्यांदा त्याच्याकडून 'वा' आला. पाठोपाठ दुसरा निरोप: "लिंबं कुठायत?"

हिशेब केला. साडेचार सेंटिमीटरचं लिंबू भागिले ७२, सहा दशांश मिलिमीटर. स्वयंपाकघरात गेलो, डबे चाचपले आणि अनारशांसाठी आणलेल्या खसखशीतले बारक्यात बारके दाणे निवडले. पिवळे रंगवले, सोनाराकडून आणलेल्या चिमट्यानं चाकांखाली ठेवले. श्वास रोखून. एकही उडाला नाही.

सकाळी पट्टी आणि भिंग घेऊन पाहिलं. दाणा जवळजवळ एक मिलिमीटरचा. गुणिले ७२, सात सेंटिमीटर. म्हणजे ते लिंबू नाही, संत्रं झालं.

राहू दिलं. विमान फ्रान्सचं असलं तरी जोडलं विदर्भात आहे.